सायकल फेरी शेवटच्या सायकलवरून आखा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सण जवळ आला की रात्रीच्या सायकल फेऱ्यांची निवेदने आपल्या वृत्तपत्रात येऊ लागतात. किती सायकली येणार, कुठून सुटणार, सजावटीला बक्षीस काय, हे सगळे त्यात असते. शेवटची सायकल किती वाजता पोहोचणार हे मात्र नसते. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते तेही पहिल्या रांगेचेच. अशा फेऱ्यांची आखणी करणाऱ्यांना ठाऊक आहे की पहिल्या रांगेत सहसा काही बिघडत नाही. दमछाक होते ती मागच्यांची, चौकात ताटातूट होते ती मागच्यांची, आणि बंद पडलेली सायकल धरून अंधारात उभा राहतो तोही मागचाच. म्हणून फेरी शेवटच्या सायकलवरून आखावी, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र. पत्र थोडे लांबले आहे, पण तपशिलाशिवाय हे म्हणणे कुणाच्या उपयोगी पडणार नाही.

सुरुवात वेगापासून करू. लहान मुले, जड सायकली, अंगावर आणि सायकलवर सजावट, असा सगळा मेळा असेल तर ताशी १२ किलोमीटर हा योग्य वेग. म्हणजे मिनिटाला २०० मीटर. रोज सायकल चालवणाऱ्याला हा वेग फार मंद वाटतो, आणि नेमका असाच माणूस उत्साहाने पुढे जाऊन बसतो. पुढे असा माणूस हवा, जो सतत मागे वळून पाहील आणि ज्याला हळू चालवण्याचा कंटाळा येणार नाही. हँडलवर वेगमापक असेल तर उत्तम. रात्री रिकाम्या रस्त्यावर, गाणी चालू असताना, वेगाचा अंदाज हमखास चुकतो. आपण १२ ने जातोय असे वाटत असते आणि प्रत्यक्षात १७-१८ झालेले असतात.

आता लांबी. ३०० सायकली तीन-तीनच्या रांगेत निघाल्या तर १०० रांगा होतात. एका सायकलची लांबी साधारण १.८ मीटर आणि पुढच्या चाकापासून सव्वादोन मीटर अंतर धरले, तर एका रांगेला चार मीटर लागतात. सगळी फेरी ४०० मीटरची. मिनिटाला २०० मीटर या वेगाने ती एका चौकातून जायला पुरी दोन मिनिटे लागतात. सिग्नल मात्र ४० सेकंद हिरवा असतो. थांबलेली रांग हलायला लागेपर्यंत त्यातले काही सेकंद जातात, उरलेल्या वेळात फार तर २८ रांगा, म्हणजे ८४ सायकली पार होतात. ३०० च्या फेरीचे एकाच सिग्नलला चार तुकडे पडतात. सिग्नलचे पूर्ण चक्र दोन मिनिटांचे असेल तर चौथा तुकडा चौकात शिरतो तेव्हा पहिला माणूस १.२ किलोमीटर पुढे गेलेला असतो. ही ताटातूट कुणाच्या बेशिस्तीमुळे होत नाही. गणितच तसे आहे.

तुकडा पडला की मागचे जोर लावतात. समजा मध्ये २७० मीटरचे अंतर पडले. ते भरून काढायला मागच्यांनी ताशी १८ च्या वेगाने पावणेतीन मिनिटे, म्हणजे ८०० मीटर दामटत जायला हवे. दहा वर्षांचे मूल हे करू शकत नाही, आणि ज्याच्या सायकलभोवती दिव्यांची माळ गुंडाळलेली आहे त्याने ते करूही नये. पुढचा चौक ८०० मीटरच्या आत आला तर तिथे पुन्हा तुकडा पडतोच. तेव्हा नियम एकच : मागच्याने गाठायचे नाही, पुढच्याने थांबायचे. त्यासाठी दर दोन-अडीच किलोमीटरला थांबा हवा, आणि तो नकाशावर आधीच ठरलेला हवा. सायकल धरून उभ्या असलेल्या माणसाला दोन चौरस मीटर जागा लागते. ३०० जणांना ६००, म्हणजे २० बाय ३० मीटरचे मोकळे पटांगण. रस्त्याच्या कडेला एवढी जागा नसते. नुसते 'पुढच्या चौकात थांबू' म्हटले की पहिले ५० जण फुटपाथजवळ मावतात आणि बाकीचे वाहत्या रस्त्यात उभे राहतात. थांब्यावर आणखी एक अन्याय नेहमी होतो. पुढचे दहा मिनिटे विश्रांती घेतात, शेवटचा पोहोचला की लगेच शिट्टी वाजते. ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. थांब्याची वेळ शेवटची सायकल टेकल्यापासून मोजावी, पाच मिनिटे तरी.

सिग्नलला तुकडे पडण्याच्या या अडचणीवर जगभरात तीन रीती आहेत. तिसरी, सर्वात सुखाची, आधी सांगतो : रस्ताच वाहनांना बंद करणे. कोलंबियातल्या बोगोतामध्ये १९७४ पासून ठरावीक रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलींना मोकळे केले जातात आणि डिसेंबरात रात्रीही असा उत्सव भरवला जातो. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये रात्रीच्या वार्षिक फेरीचा मार्ग असाच राखून ठेवतात. तसे होणार असेल तर या पत्रातला अर्धा मजकूर लागू नाही. पण बहुतेक फेऱ्या चालू रहदारीतूनच जातात.

पहिली रीत अखंड फेरीची. १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुरू झालेल्या 'क्रिटिकल मास'ने ती रूढ केली. ते नाव चीनमधल्या चौकांच्या वर्णनावरून आले. सिग्नल नसलेल्या चौकात सायकली साठत जात, आणि पुरेसा जमाव झाला की सगळे मिळून रस्ता ओलांडत. या रीतीत पहिली सायकल हिरव्यावर शिरली की शेवटची बाहेर पडेपर्यंत आडवी रहदारी थोपवून धरतात. सायकलवाले याला 'कॉर्किंग' म्हणतात, बाटलीला बूच लावल्यासारखे. जर्मनीच्या वाहतूक नियमांतल्या २७ व्या कलमाने १५ पेक्षा जास्त सायकलस्वारांना एक सलग गट म्हणून दोन-दोनच्या जोडीने जाऊ दिले आहे. अशा गटाला वाहतुकीचे नियम एका वाहनासारखे लागतात. त्यामुळे पुढचा हिरव्यावर गेला तर सिग्नल लाल झाल्यावरही बाकीचे मागून जाऊ शकतात. जिथे असा नियम नाही तिथे पोलिसांची लेखी परवानगी आणि चौकात गणवेशातला माणूस असल्याशिवाय कुणी रहदारी अडवू नये.

परवानगी असली तरी इथे एक हिशेब हटकून चुकतो. चौक धरणाऱ्या स्वयंसेवकांच्या दोन जोड्या पुरतील असे गृहीत धरतात. पाहा : शेवटची सायकल गेल्यावर जोडी मोकळी होते. तेव्हा फेरीचे तोंड ४०० मीटर पुढे असते, आणि पुढचा चौक धरायचा तर तोंडाच्याही १०० मीटर पुढे पोहोचायला हवे. जोडी ताशी २२ ने गेली तरी हे अंतर भरून निघायला तीन मिनिटे लागतात आणि तोवर ती १,१०० मीटर चाललेली असते. चौक ३०० मीटरवर असतील तर तिला मधले तीन चौक सोडून थेट चौथाच धरता येतो. म्हणजे चार जोड्या, आणि एखादी अडकली तर हाताशी पाचवी. दोनच जोड्या असल्या तर त्या जिवाच्या आकांताने फेरीच्या मधून घुसत पुढे जातात. १२ ने चाललेल्या गर्दीतून २५-३० ने जाणारा स्वयंसेवक हाच मग फेरीतला सर्वात धोकादायक सायकलस्वार ठरतो. त्यांच्यासाठी एका बाजूची एक पट्टी पूर्ण मोकळी ठेवावी, रांगा तीनच्या चार होऊ देऊ नयेत.

चौक धरण्याचे काम दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. चालत्या वाहनापुढे आडवे जायचे नाही. वाहने लाल दिव्यावर थांबलेली असताना सायकलवरून उतरून, पहिल्या वाहनचालकाला आपला चेहरा आणि तळहात दिसेल असे उभे राहायचे. हातात दिवा असेल तर तो स्वतःच्या अंगावर, जमिनीकडे धरायचा, त्याच्या डोळ्यांवर नाही. आणि बोलायचे : "दोन मिनिटे द्या, एवढी रांग गेली की झाले." अडवलेल्या माणसाला चीड येते ती थांबण्यापेक्षा किती थांबायचे हे न कळल्यामुळे. पायी रस्ता ओलांडणाऱ्यांना रांगांमधून वाट द्यायची. रुग्णवाहिका आली तर फेरी तोडायची, तिथे विचार करायचा नाही.

सर्वात मोठी चूक बूच लवकर काढण्याची. रांगेत ३० मीटरची फट पडते, चौकातल्या दोघांना वाटते फेरी संपली, ते निघतात. वाहने सुटतात, आणि दहा सेकंदांनी उरलेले ४० जण त्यांच्या समोर येतात. यावर उपाय साधा आहे. शेवटच्या सायकलला पाठीमागे दोन मीटर उंच काठी आणि तिच्या टोकाला हिरवा दिवा. हा रंग फेरीत दुसऱ्या कुणीही काठीवर लावायचा नाही. हिरवी काठी चौक ओलांडून जात नाही आणि तिचा मालक "शेवट!" असे तोंडाने सांगत नाही तोवर कुणी हलायचे नाही.

दुसरी रीत आम्हाला अधिक पसंत आहे, विशेषतः नवख्या आयोजकांसाठी. सिग्नल फेरीचे तुकडे पाडणारच आहे, तर आपणच ते आधी पाडून घ्यावेत. ७५-७५ च्या तुकड्या कराव्यात. एक तुकडी म्हणजे २५ रांगा, १०० मीटर, ३० सेकंद. ती एका हिरव्या दिव्यात मावते. प्रत्येक तुकडीला स्वतःचा पुढारी, स्वतःची हिरवी काठी, एक दुरुस्तीवाला आणि दोन मार्शल, म्हणजे रांग सांभाळणारे स्वयंसेवक. तुकड्या तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात. कुणाला अडवावे लागत नाही, कुणाची शिवी खावी लागत नाही. हजार दिव्यांची एकच नदी वाहिल्याचे दृश्य यात मिळत नाही, हे खरे आहे, आणि ते दृश्य ज्याने पाहिले त्याला त्याची किंमत कळते. ते हवे असेल तर शेवटच्या पटांगणात सगळ्या तुकड्या एकत्र येऊन मैदानाला एक संथ प्रदक्षिणा घालू शकतात. तिथे सिग्नल नसतो.

मार्ग निवडताना नकाशा पुरत नाही. त्याच वारी, त्याच वेळी, अंधारात आधी दोनदा फिरून यावे. रस्ता अरुंद होतो तिथे थांबून पाहावे. तीनची रांग एकेरी झाली की ४०० मीटरची फेरी १,२०० मीटरची होते आणि ती अरुंद जागा पार व्हायला सहा मिनिटे लागतात. सुंदर दिसते म्हणून जुन्या बोळातून किंवा पादचारी पुलावरून फेरी नेण्याचा मोह इथेच आवरावा. चढ असेल तर तो पहिल्या निम्म्या भागात, आणि चढ संपल्यावर लगेच थांबा. ट्रामचे किंवा रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडावे लागतात. तिरके गेले की चाक खाचेत बसते आणि हँडल फिरत नाही. तीनच्या रांगेत काटकोन साधायला जागा नसते, म्हणून रुळांआधी ५० मीटरवर एकेरी करायला एक माणूस उभा हवा. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असतील तर तोही सापळाच. ओल्या रस्त्यावर लोखंडी झाकणे आणि पांढरे पट्टे निसरडे होतात, आणि रिमवर दाबणारे ब्रेक सुरुवातीला धरतच नाहीत, रबर आधी रिमवरचे पाणी पुसते. पाऊस आला तर वेग ८-१० वर आणावा.

वळणावर जे होते ते समजून घेण्यासारखे आहे. पुढचा वळताना वेग कमी करतो, मागचे ब्रेक दाबतात, त्यांच्या मागचे जास्त दाबतात, शेवटचे पाय टेकतात. पुढचा वळून झाले की पुन्हा १२ धरतो, पण तेव्हा मागचे अजून उभेच असतात. बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी रांग आधी आकसते आणि मग ताणली जाते. शेवटच्या ५० जणांची अख्खी फेरी अशी थांबण्यात आणि धावण्यात जाते. पुढच्याने वळणाच्या ३० मीटर आधीपासून सावकाश वेग उतरवावा, ज्या वेगाने वळला त्याच वेगाने पुढचे १०० मीटर जावे, आणि मग हळूहळू वाढवावा. एवढे एक पाळले तर मागच्यांचा निम्मा त्रास जातो.

रांगेतल्या पडझडीचे मुख्य कारण चाकावर चाक. आपले पुढचे चाक शेजारच्याच्या मागच्या चाकाच्या बरोबरीला गेले आणि तो हातभर सरकला, तर तो पडत नाही, आपण पडतो. फोटो काढायला एका हाताने हँडल धरलेला माणूस हमखास असा सरकतो. ताशी १२ वर अचानक थांबायला, हात ब्रेकवर जाण्याचा एक सेकंद धरून, पाच मीटर लागतात. २० वर साडेदहा. रांगेत अंतर सव्वादोन मीटरच असते, म्हणून नजर पुढच्या चाकावर न ठेवता तीन रांगा पलीकडे ठेवायची. तिथले दिवे एकमेकांजवळ येऊ लागले की आपण ब्रेक दाबायचा.

आता दिवे. फेरीची शोभा त्यांचीच, आणि सर्वात जास्त फजिती होते तीही त्यांच्याचमुळे.

आधी रस्त्याचे दिवे, मग शोभेचे. पुढे पांढरा, मागे लाल, हे कितीही सजावट केली तरी बदलायचे नाही. पुढे लाल माळ आणि मागे पांढरी लावली तर समोरच्या वाहनचालकाला सायकल येतेय की जातेय तेच कळत नाही. शहरात रस्त्यावर दिवे असतात, तिथे १०० ते २०० ल्युमेनचा पुढचा दिवा पुरतो. तो जमिनीवर पाच-सहा मीटर पुढे पडेल इतका खाली झुकवावा. सरळ ठेवला तर तो पुढच्याच्या पाठीवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागचा लाल दिवा एकट्याने जाताना लुकलुकता ठेवला तर चालतो, रांगेत स्थिरच ठेवावा. लुकलुकत्या दिव्यावरून मागच्याला अंतर नीट जोखता येत नाही, आणि डोळ्यांसमोर शंभर दिवे वेगवेगळ्या तालात लुकलुकत असले की अर्ध्या तासात डोके दुखते.

डायनॅमोवाल्यांनी एक लक्षात घ्यावे. सहा व्होल्ट, तीन वॉटचा नेहमीचा डायनॅमो १२ च्या वेगाला चांगला उजेड देतो, पण चालण्याच्या वेगाला दिवा थरथरतो आणि चौकात थांबले की विझतो. ज्या दिव्यात कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) आहे तो थांबल्यावरही काही मिनिटे जळतो, जुन्यांत तो नसतो. म्हणून संथ फेरीत डायनॅमो असला तरी मागे बॅटरीचा एक दिवा लावावाच.

शोभेच्या माळांचा हिशेब वॉटमध्ये करावा. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास, रूपांतरात जाऊन हाती येतात साधारण ३०. पाच वॉटची साधी माळ त्यावर सहा तास चालते. पण रंग बदलणारी पट्टी, जिच्यात मीटरला ६० दिवे असतात, ती पूर्ण पांढऱ्यावर मीटरला १८ वॉट खाते. दोन मीटर लावली की ३६ वॉट. पॉवर बँकेचे तोंड तेवढा प्रवाह देऊच शकत नाही, ती स्वतःला बंद करते. लोक म्हणतात पट्टी खराब निघाली. पट्टी चांगली असते, तिची चमक पाव करावी. मग नऊ वॉट लागतात, तीन तास निघतात, आणि अंधारात ती पुरेशी दिसते. याच्या उलटही होते. अगदी लहान माळ इतका कमी प्रवाह घेते की पॉवर बँकेला काही जोडले आहे असेच वाटत नाही, अर्ध्या-एक मिनिटात ती झोपते. अशा माळेला सेलची डबीच बरी, किंवा दोन-तीन माळा एकाच तोंडाला जोडाव्यात. काहीही असो, सगळा साज आदल्या रात्री घरी सलग तीन तास पेटवून पाहावा.

माळ बांधण्याची पद्धत सांगतो. सुरुवात सीटखालून करावी, डबी तिथे बांधावी, आणि फ्रेमच्या वरच्या दांडीवरून पुढे यावे. दर १५ सेंटिमीटरला प्लास्टिकची एक पट्टी आवळावी. हँडल जिथे फिरते तिथे वीतभर वायर सैल सोडावी, आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे. वायर ताणली जात असेल तर ती भर वळणात तुटेल किंवा हँडलच अडवेल. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबलभोवती माळ गुंडाळू नये, दाबताना त्या हलतात. पायडलच्या आणि चेनच्या बाजूला काही नको. प्लास्टिकच्या पट्टीचे शेपूट अगदी मुळाशी कापावे, तिरके टोक राहिले की पोटरीवर ओरखडा उठतो. चाकाच्या तारांत दिवे लावायचे तर डबी हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, चिकटून, आणि समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचे काहीतरी. नाहीतर चाक एका अंगाला जड होऊन वेगात थडथडते. प्रत्येक तारेशी एक गाठ मारावी. मग सायकल उलटी करून चाक २० वेळा जोरात फिरवावे आणि कान द्यावा. 'टिक' असा एक जरी आवाज आला तरी काहीतरी ब्रेकच्या रबराला किंवा फोर्कला लागते आहे. माळेचे सुटलेले टोक तारांत अडकून चाक जागीच थांबते, आणि ते पुढचे चाक असेल तर माणूस हँडलवरून जातो.

कपड्यांनाही हेच लागू. ओढणी, पदर, शेला, झगा, जे काही लोंबते ते सुरुवातीलाच गाठ मारून वर. पॅंटचा पाय चेनच्या बाजूने क्लिपने बांधावा. मुखवटा घालून सायकल चालवू नये, बाजूचे काही दिसत नाही. तो थांब्यावर घालावा. हेल्मेटवर दिवे चिकटपट्टीने लावावेत, भोके पाडून नाही.

सायकलमागे ओढायची संगीताची गाडी फेरीच्या मधोमध असावी. लोक आवाजाभोवती गोळा होतात. ती पुढे ठेवली तर सगळे पुढे घुसतात आणि मागे शांतता, मागे ठेवली तर पुढचे एकटे पडतात. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी म्हणजे २५६ वॉट-तास. त्यातले २०० वापरायचे धरले आणि अँप्लिफायरने सरासरी ४० वॉट घेतले तर पाच तास मिळतात. गाडीवर २५-३० किलो वजन असते. तेव्हा ओढणाऱ्या सायकलचे दोन्ही ब्रेक उत्तम हवेत, आणि जोडणीच्या खिळीशिवाय दुसरा सुरक्षापट्टा हवा. वळतानाच ब्रेक दाबला तर मागची गाडी सायकलला आडवी ढकलते, म्हणून ब्रेक वळणाआधीच. गाडीची चाके हँडलपेक्षा रुंद असतात, ती कडेच्या दगडावर चढते आणि उलटते. तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक मार्शल ठेवावा. आवाज एवढाच असावा की "खड्डा!" असे ओरडलेले तीन रांगा मागे ऐकू येईल. इस्पितळाजवळ पूर्ण बंद.

हाका चारच ठेवाव्यात : "खड्डा", "थांबतोय", "बाजू" आणि "एकेरी". "बाजू" म्हणजे रुग्णवाहिका, सगळ्यांनी कडेला. निघण्यापूर्वी उभ्या-उभ्या दोनदा म्हणवून घ्याव्यात आणि हाक मागे पोचवायची असते हे सांगावे. पुढे ओरडले आणि दहाव्या रांगेत विरले तर उपयोग नाही.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. निघण्याआधी प्रत्येक सायकलचे तीनच गोष्टींपुरते परीक्षण : टायरमध्ये हवा, दोन्ही ब्रेक, आणि चाकांचे नट. हवा कमी असलेले टायर खड्ड्यात रिमवर आपटते आणि ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. दुरुस्तीवाल्याकडे तिन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला चालणारा पंप, चार मापांच्या ट्यूब, पाने, चेन जोडण्याचे हत्यार आणि डोक्यावर बांधायचा दिवा असावा. रात्री रस्त्यावर पंक्चर काढत बसू नये. सोल्यूशन वाळायलाच चार-पाच मिनिटे जातात. ट्यूब बदलावी, दहा मिनिटांत होते. पण नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवावे, काटा किंवा काच तिथेच असते आणि अंधारात ती डोळ्यांना दिसत नाही. जुनी ट्यूब काढून नवी घातली आणि शंभर मीटरवर पुन्हा बसली, याचे कारण दहापैकी नऊ वेळा हेच.

बंद पडलेल्या सायकलजवळ कोण थांबते, हे आधी ठरलेले हवे. दुरुस्तीवाला थांबतो. हिरवी काठी थांबत नाही. ती थांबली तर पुढचे सगळे चौक तिच्यासाठी धरून ठेवावे लागतात, आणि दोन मिनिटे मागून घेतलेल्या चालकाला दहा मिनिटे उभे राहावे लागते. दुरुस्तीवाला आणि तो सायकलस्वार फेरीतून बाहेर पडतात आणि पुढच्या थांब्यावर सिग्नल पाळत येऊन मिळतात. दुरुस्ती जमली नाही तर ते दोघे बंद पडलेल्या सायकली उचलून नेणाऱ्या फेरीच्या गाडीची वाट पाहतात. एकट्याला कुणी सोडायचे नाही.

हिरवी काठी कुणाला द्यावी? सर्वात वेगवान माणसाला नको, नुकत्याच आलेल्यालाही नको. ज्याला सगळा मार्ग पाठ आहे, ज्याचा आवाज मोठा आहे, आणि जो दमलेल्या माणसाशेजारून ताशी आठच्या वेगाने गप्पा मारत चालू शकतो, त्याला द्यावी. त्याचा फोन आणि पुढच्याचा फोन सतत जोडलेला असावा, पुढच्याने कानात एकच इअरफोन घालावा. "वेग कमी करा" असा निरोप मागून आला तर पुढच्याने प्रश्न न विचारता कमी करावा. फेरीचा वेग ठरवण्याचा अधिकार काठीवाल्याचा आहे, हे निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर जाहीर करावे.

शेवटची गोष्ट परतीची. तिचा विचार आखणीत सहसा होतच नाही. पटांगणात पहिले पोहोचले की भाषणे सुरू होतात, छायाचित्रे होतात, लोक पांगू लागतात. मागचे येतात तेव्हा समारंभ उरकलेला असतो. आणि मग तीन तास माळा जाळून बॅटऱ्या संपलेले लोक रात्री उशिरा एकेकटे घरी निघतात. तोपर्यंत ३०० जणांच्या उजेडात होते ते आता एका विझत्या दिव्यावर. म्हणून पुढचा दिवा माळेच्या बॅटरीवर कधीही चालवू नये, त्याची बॅटरी वेगळी. मार्शलांजवळ द्यायला २० जोड जादा दिवे असावेत. पटांगणाच्या चार कोपऱ्यांत चार दिशांच्या पाट्या लावाव्यात, आणि त्या-त्या दिशेला जाणाऱ्यांनी पाच-सहा जणांच्या गटानेच निघावे. मुले बरोबर असणाऱ्यांना आधी सोडावे.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. अशा फेरीचे निवेदन छापताना आयोजकांकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात : सरासरी वेग, थांब्यांची ठिकाणे आणि शेवटची सायकल पोहोचण्याची वेळ. १४ किलोमीटरची फेरी ताशी १२ ने ७० मिनिटांत होते. पाच थांबे, शेवटची सायकल टेकल्यापासून पाच-पाच मिनिटांचे, धरले तर पुढच्याचे ते दहा-दहा मिनिटे होतात आणि एकूण दोन तास लागतात. नऊला सुटणारी फेरी अकराला परत येणार, हे वाचणाऱ्याला आधी कळले तर आपल्या मुलाला न्यायचे की नाही, दिवा किती चार्ज करायचा आणि घरी परतायचे कसे, हे तो घरूनच ठरवून निघेल.

आपले,
रात्रीच्या सामूहिक सायकल फेऱ्यांची आखणी करणारे काही सायकलस्वार